हातचं झाकण

नदीकाठावर फवारणीच्या औषधाच्या दोनशे सव्वीस रिकाम्या बाटल्या निघाल्या. प्लास्टिकच्या एकशे सत्त्याऐंशी, ॲल्युमिनियमच्या एकोणचाळीस. शिवाय तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्यांनी भरलेलं एक पोतं, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, फवारणीपंपाचा एक तुटका पट्टा आणि अकरा चपला, ज्यांत एकाही चपलेला जोडीदार नव्हता. बाटल्यांची झाकणं मात्र निघाली नऊ.

सलोनीनं झाकणं दुसऱ्यांदा मोजली. नऊच.

"झालं ना मोजून? मग भर पोत्यात," मंदार म्हणाला. त्याच्या हातात रबरी मोजे होते आणि कपाळावर चिखलाचा पट्टा.

"थांब. बाकीची दोनशे सतरा कुठं गेली?"

"कोण दोनशे सतरा?"

"झाकणं."

मंदारनं आभाळाकडे पाहिलं. तो आणि सलोनी यवतमाळच्या कॉलेजात तीन वर्षं एकाच बाकावर रसायनशास्त्र शिकले होते, त्यामुळे आता पुढचा तासभर कोणत्या दिशेनं जाणार हे त्याला कळून चुकलं. पदवीनंतर तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागला आणि ती एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट पाहत पळसोडीला, आपल्या गावी आली. दर रविवारी तो सात-आठ मित्र घेऊन यवतमाळहून यायचा. आधीच्या दोन रविवारी या मंडळींनी गावातल्या काही जणांना सोबत घेऊन नदीकडे जाणारी पांदण मोकळी केली होती. दोन्ही बाजूंच्या शेतांमधली ही वाट बेशरमाच्या झुडपांनी आणि बाभळीच्या काट्यांनी इतकी बुजली होती की बैलबंडी सोडा, माणूससुद्धा आडवा होऊन जायचा. झुडपं तोडली, चाकोरीत मुरूम टाकला, आणि मग पांदणीनं चालत नदीवर आल्यावर दिसला तो हा काठ. म्हणून आजचा रविवार काठाचा.

सलोनीचं हे मोजण्याचं जुनंच होतं. लहानपणी आईनं तुरीच्या शेंगा सोलायला बसवली की शेंगा राहायच्या बाजूला आणि कोणत्या शेंगेत किती दाणे याच्या रांगा लागायच्या. "पोट्टी कामाची नाही, मोजमापाची हाये," असं विमलताई पाहुण्यांना सांगायच्या. पाहुणे हसायचे. सलोनी तेवढ्यात पाहुण्यांच्या बशीतले चिवड्यातले शेंगदाणे मोजून घ्यायची.

पण आज तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याचं कारण झाकणं नव्हती. कारण घरी होतं.

मागच्या सोमवारी तिचे वडील, वामनराव, कपाशी फवारता फवारता शेतात पडले. ते साल होतं दोन हजार सतरा. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच यायचा, आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात फवारणीचे रुग्ण भरती होत असल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या. वामनरावांना घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, समोरचं दोन-दोन दिसायला लागलं. आर्णीच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, सलाइन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की आता निदान दोन महिने पंपाला हात लावू नका.

आणि आज सकाळी चहा पिताना वामनरावांनी सांगून टाकलं, की उद्या ते फवारणार आहेत.

"सलोनी, तूच सांग त्यायले," विमलताई चुलीपासून म्हणाल्या होत्या. "माह्यं तं आयकूनच नाही राह्यले."

"कायले सांगता तिले?" वामनराव म्हणाले. "कपाशीच्या पात्या-कळ्या गळून राह्यल्या. मजूर भेटत नाही, सारे भेलेले हायेत. मंग कोण फवारन?"

"बाबा, डॉक्टरनं नाही म्हटलं."

"डॉक्टरले ऊन लागत नाही, म्हणून त्याले ऊन समजत नाही. मले ऊन लागलं होतं. आता तूच सांग, तू तं शिकेल हायेस. तीस वर्षं झाले फवारून राह्यलो. तोंडाले फडकं बांधतो. वाऱ्याच्या उलट्या तोंडानं कधी चाललो नाही. दोन औषधं कधी मिसळली नाही. हात थोच, पंप थोच, माप थेच. मंग यंदाच औषधानं कसं होईन?"

त्यांचं बोलणं चुकीचं आहे असं सलोनीला म्हणता येत नव्हतं. गावात कोणी तीन-तीन औषधं एका पंपात कालवायचे, कोणी उघड्या अंगानं फवारायचे, आणि शिट्टी वाजवत घरी यायचे. वामनरावांना मात्र गाव 'मापाचा माणूस' म्हणायचं. आणि पडले ते. तीस वर्षं एकच गोष्ट एकाच रीतीनं करणाऱ्या माणसाला एकतिसाव्या वर्षी वेगळा परिणाम का मिळावा? हा प्रश्न सकाळपासून तिच्या डोक्यात रुतून बसला होता. उद्या सकाळच्या आत त्याचं उत्तर सापडलं नाही, तर वडील पंप पाठीवर टाकून निघणार हेही तिला माहीत होतं. नुसतं 'नका जाऊ' म्हटल्यानं ते थांबणारे नव्हते. रडल्यानं तर मुळीच नाही. आई रडून चुकली होती.

आत्ता समोर निदान मोजता येईल असं काही होतं.

"तरंगली असतील," मंदार म्हणाला. "हलकी असतात. पूर आला, वाहून गेली. बिनझाकणाच्या बाटल्यांत पाणी शिरलं, त्या बसल्या इथंच."

तर्क चांगला होता. सलोनीनं चिमट्यानं एक झाकण उचलून बादलीत टाकलं. तरंगलं. दुसरं टाकलं, तेही तरंगलं.

"मग बंधाऱ्याला अडकली असतील. चल."

"आत्ता?"

"तुला नसेल यायचं तर पोती भर."

मंदार पोती मित्रांवर सोपवून तिच्या मागं निघाला. बंधारा खालच्या अंगाला हाकेच्या अंतरावर होता. त्याच्या दारांना जलपर्णी, नारळ, फाटकी घोंगडी, सारं काही येऊन थटलं होतं. दोघांनी काठीनं ते उपसून काढलं.

"तीन," सलोनी म्हणाली.

"आणि चपला सात. वरच्या अकरांत यांचे जोड लागतात का बघू या?"

"मंदार."

"नाही, तुला मोजायचंच आहे तर काहीतरी उपयोगाचं मोज."

तीन झाकणं म्हणजे तर्क बसला नाही. परत येताना तिनं भंगारवाल्याचा विचार केला आणि सोडून दिला. ज्याला ॲल्युमिनियमच्या बाटल्या उचलाव्याशा वाटल्या नाहीत, तो प्लास्टिकची झाकणं कशाला वेचेल? उरलं एकच. झाकणं नदीवर आलीच नव्हती.

काठावर फुलसिंग बैल पाण्यावर घेऊन आला होता. त्याचं शेत वामनरावांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आणि घर पलीकडच्या तांड्यात. तो काठावर रचलेल्या पोत्यांकडे आणि यवतमाळच्या पोरांकडे आळीपाळीनं पाहत होता.

"काय बाई," तो सलोनीला म्हणाला, "आमचा उकिरडा कायले उपसून राह्यले हे लोकं? शहरात झाडून झालं वाटते सारं."

"आमच्याकडे घंटागाडी येते, काका," मंदार म्हणाला.

"मंग थेच पाठवायची होती. तुमी कायले तरास घेतला?"

पोरं हसली. फुलसिंगही हसला, आणि एका बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला पाण्यात ढकललं.

"काका, एक सांगा," सलोनी म्हणाली. "औषध फवारता शेतात. मंग बाटली नदीवर काहून येते?"

"मंग कुठं ठेवतं? शेतात ठेवली तं बैल चाटते. घरी नेली तं लेकरं खेळते. सांजच्याले पंप धुवायले, आंग धुवायले नदीवर येतोच आमी, तवा बाटली बी आणतो. नदीत कोण चाटते?"

"तुमचे हे बैल आत्ता काय करून राह्यले?"

फुलसिंगनं बैलांकडे पाहिलं. दोन्ही बैल मान खाली घालून पाणी पीत होते. त्यानं कासरा ओढून बैल थोडे वरच्या अंगाला नेले.

"अन् झाकण?" सलोनीनं विचारलं. "झाकण नाही आणत बाटलीसंग?"

"झाकण कोण आणते? थे तं सकाळीच फेकतो. बाटली उघडली की त्याचं काम काय? जा, पाह्य तुह्याच बाभळीखाली. शेरभर निघन."

वामनरावांच्या शेताच्या कोपऱ्यात, पांदणीला लागूनच, एक जुनी बाभूळ होती. तिच्या सावलीत पाण्याचा निळा ड्रम ठेवलेला असायचा. औषध कालवायचं ते तिथंच. दोन आठवड्यांपूर्वी याच बाभळीच्या काटेरी फांद्या सलोनीनं आपल्या हातांनी पांदणीतून ओढून नेल्या होत्या, पण ड्रमच्या मागं काय आहे हे तिनं वाकून पाहिलं नव्हतं. आता वाकून पाहिलं. गवतात लाल, हिरवी, निळी, पांढरी झाकणं पडली होती. काही मातीत अर्धी रुतलेली, काहींचा रंग उडालेला, एकात मुंगळ्यांनी घर केलेलं. मंदारनं बसकण मारली आणि मुकाट्यानं मोजे चढवले.

झाकणं निघाली एकसष्ट. सलोनीनं ती ड्रमच्या बाजूच्या सपाट दगडावर चढत्या क्रमानं लावली, आणि लावता लावता तिचा हात मंद झाला. पहिलं झाकण करंगळीच्या टोकाला टोपीसारखं बसलं असतं. शेवटच्यात लिंबू राहिलं असतं.

"मंदार, तुझ्याकडे सिरिंज आहे ना?"

मंदारच्या पिशवीत नदीचं पाणी तपासायची पेटी होती आणि तिच्यात दहा मिलिलिटरची एक सिरिंज. दोघांनी झाकणं धुतली आणि एकेक भरून मोजायला सुरुवात केली. सगळ्यात लहान, पाच. मग आठ. मग बारा. एक निळं झाकण सोळा. ते जिथं सापडलं तिथंच त्याच कंपनीची एक बाटली लवंडली होती, गेल्या सोमवारची, नदीवर न गेलेली, कारण त्या दिवशी वामनरावांना नदीवर न नेता थेट आर्णीला नेलं होतं. निळं झाकण तिच्या तोंडाला आट्यानं चपखल बसलं. सलोनीनं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर.

"पंप किती लिटरचा तुमचा?" मंदारनं विचारलं.

"सोळा."

"मग बरोबर आहे की. सोळा लिटरला सोळा मिली. एक झाकण, एक पंप. दुकानदारही तेच सांगतात."

"हो. पण बाबांनी हे झाकण फेकून दिलं ना." ती दगडावरच्या रांगेकडे पाहत राहिली. "सगळ्यांनी फेकून दिलं. मग मोजलं कशानं?"

तेवढ्यात फुलसिंग बैल घेऊन पांदणीनं परत निघाला होता. मोकळ्या झालेल्या वाटेवर दोन्ही बैल प्रथमच जोडीनं चालत होते. सलोनीनं त्याला तोच प्रश्न केला.

"आमच्या हातच्या झाकणानं," तो म्हणाला, जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. त्यानं अंगातल्या बंडीच्या खिशात हात घालून एक पांढरं, कडेला चिरलेलं झाकण काढलं. "हे माहं. दर बाटलीचं नवं झाकण घेत बसलं तं हाताले वळण कसं लागन? एकदा जम बसला की बसला. बायको बदलन पण झाकण नाही बदलत आमी."

"हे कोणत्या औषधाचं हाये?"

"थे आता कोणाले आठवते, बाई." त्यानं झाकण पुन्हा खिशात टाकलं. "तुह्या बापाचं पाह्य. लाल. साऱ्या गावात तसं झाकण नाही कोणापाशी. थेंब इकडचा तिकडं होत नाही त्याचा."

सलोनीला ते लाल झाकण आठवलं. पंपाच्या दांड्याला तारेनं अडकवलेलं असायचं. लहानपणी तिनं ते भातुकलीत घ्यायला मागितलं, तेव्हा वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला होता.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. वामनराव ओट्यावर बसून पंपाचं नोझल टाचणीनं साफ करत होते. बाजूला उद्याची नवी बाटली होती, त्याच निळ्या झाकणाची. टाचणी धरलेली बोटं किंचित थरथरत होती. ते सलोनीला दिसू नये म्हणून त्यांनी हात मांडीवर टेकवला. मंदारला पाहून ते म्हणाले, "या. चहा घेऊन जा. पांदण मस्त केली तुमी. फुलसिंगचे बैल लग्नातल्यासारखे जोडीनं गेले आता."

"बाबा," सलोनी म्हणाली, "तुमचं झाकण मोजायचं हाये मले."

"काय मोजायचं?"

"त्याच्यात किती मावते थे."

"एक झाकण मावते," वामनराव म्हणाले.

मंदार हसला आणि लगेच थांबला, कारण बाकी कोणी हसलं नाही. सलोनीनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. नऊ झाकणं, बंधारा, बाभूळ, एकसष्ट. दगडावरची रांग. निळ्या झाकणाचे सोळा. वामनराव ऐकत होते, पण टाचणी थांबली नव्हती.

"हे झाकण मी पहिल्यांदा पंप उचलला त्या सालचं हाये," ते शेवटी म्हणाले. "पाच लिटरची कॅन आणली होती तवा. कृषी केंद्रवाल्यानं सांगतलं, एका पंपाले एक झाकण. त्या साली कपाशीवर एक किडा दिसला नाही. तवापासून हेच. लोकं दोन-दोन झाकणं टाकते, मी कधी एकाच्या वर टाकलं नाही."

"मी म्हणते एकच टाकलं. पण थे औषध कोणतं होतं?"

"थे आता भेटत नाही."

"त्याले पंपामागं किती मिली लागत होतं?"

वामनरावांनी टाचणी खाली ठेवली. "आमी मिली कायले पाहू? झाकण पाहत होतो."

"बाबा, तुमीच म्हटलं ना सकाळी, हात थोच, पंप थोच, माप थेच. औषध थेच हाये का? हे निळ्या झाकणाचं तं यंदाच आणलं."

दारात विमलताई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मापात चूक नाही माह्या," वामनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कोरडा झाला होता.

"मंग मोजू द्या. या बाटलीले सोळा पाहिजे. तुमच्या झाकणात सोळा निघाले, नाही तं अठरा निघाले, वीस निघाले, तरी मी उद्या एक शब्द बोलणार नाही. तुमच्यासंग पाणी भरायले येईन."

"अन् ज्यादा निघाले तं?"

"तं पंप उचलायचा नाही. दोन महिने. डॉक्टरनं सांगतलं तसं."

"अन् तुही माय? थे बी बोलणार नाही?"

"माह्यावर पैज लावू नका," विमलताई म्हणाल्या. "मी बोलनच."

वामनराव उठले. पंपाच्या दांड्यावरची तार सोडवून त्यांनी लाल झाकण काढलं, रांजणाजवळ जाऊन राखेनं घासलं, तीनदा धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. मंदारनं सिरिंज आणि एक काचेचा ग्लास ओट्यावर ठेवला. सलोनी तांब्यानं पाणी ओतायला पुढं झाली, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"तू काठोकाठ भरशीन. मी काठोकाठ नाही भरत." त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेऊन आतली बारीक रेघ नखानं दाखवली. "इथपर्यंत. याच्या वर थेंब नाही."

"तुमीच भरा."

त्यांनी तांब्याची धार बारीक केली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पाणी रेघेला लागलं तिथं ते थांबले, तोंड खाली नेऊन बाजूनं पाहिलं, आणि बोटाच्या टोकानं एक थेंब काढून टाकला. मग झाकण ओट्यावर ठेवून त्यांनी सिरिंज सलोनीच्या हातातून घेतली.

"कसं वढायचं?"

मंदारनं दाखवलं. वामनरावांनी टोक पाण्यात बुडवलं आणि दट्ट्या दहाच्या खुणेपर्यंत ओढला. ग्लासात सोडला. "एक," ते म्हणाले. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओढला. "दोन." झाकणाकडे पाहिलं. विमलताईंनी कप खाली ठेवले. "तीन," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "चार."

पाचव्यांदा दट्ट्या तीनच्या खुणेपर्यंत आला, तेव्हा झाकण कोरडं झालं होतं. वामनरावांनी झाकण उलटं करून तळहातावर आपटलं. काही पडलं नाही.

लाल झाकणात त्रेचाळीस मिलिलिटर पाणी होतं.